ओळीतली तिसरी बाई

माझं लग्न ठरलं तेव्हा गावातल्या बायकांनी आईला विचारलं, "जावई काय करतोय?" आई म्हणाली, "माणसं काढतोय." त्यावर विहिरीवरची एकजण काळजीनं म्हणाली, "कशातनं काढतोय गं?" फोटो हा शब्द आमच्याकडं येऊन पोचला होता, पण ज्याचा फोटो निघालाय असं माणूस गावात एकही नव्हतं.

आमचं गाव खानापूरच्या पुढं, जंगलाच्या कडेला. भाताची शेती. मला चालता यायला लागलं तसं चिखलातही चालता यायला लागलं. सासर मात्र बेळगावचं. खडेबाजारातून आत वळणाऱ्या एका बोळात खाली घर आणि वरच्या मजल्यावर स्टुडिओ. स्टुडिओचं अर्धं छप्पर काचेचं होतं. सासरे कॅम्पातल्या एका फोटोग्राफरच्या पेट्या उचलता उचलता कसब शिकले आणि पुढं त्यांनी हा स्टुडिओ काढला. मी घरात आले तेव्हा ते जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघंच. माझे यजमान, त्यांची आई आणि मी.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. पन्नाशीला टेकलेल्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून घेतलं. गावाकडं आम्ही बायकाही पुरुषांसारखंच 'मी आलो, मी गेलो' म्हणतो. आत्याबाई म्हणाल्या, "इथं 'मी आले' म्हणायचं. 'न्हाय' नाही, 'नाही' म्हणायचं. आणि वडील काय करतात असं कुणी विचारलं तर सांगायचं, जमीन आहे. ती कोण कसतं, चिखलात कोण उतरतं, ते कुणाला सांगत बसायचं कारण नाही."

मी मान हलवली. त्यांनी खोबरेल तेलाची वाटी माझ्यापुढं सरकवली आणि माझ्या टाचांकडं बोट दाखवलं. "रोज लाव. भेगा जातील."

त्या वाईट बोलल्या नव्हत्या. आवाजही चढवला नव्हता. पण त्या दिवसापासून मी पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून बसायला शिकले.

स्टुडिओत मला काम होतं, आणि ते मला आवडायचं. बायका फोटो काढायला आल्या की त्यांचे पदर सारखे करायचे, नथ सरळ करायची, "श्वास रोखू नका" म्हणून सांगायचं. पुढं यजमानांनी मला रिटचिंग शिकवलं. काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं ठिपके देत चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि देवीचे व्रण घालवायचे. निगेटिव्हवर पेन्सिलीचा काळा ठिपका दिला की फोटोत तिथं उजेड पडतो. दोन वर्षांत माझा हात इतका बसला की गिऱ्हाइकं बायकोच्या हातचं काम मुद्दाम मागायची.

लढाई सुरू व्हायच्या आधीच्या एका आषाढात शेतकी खात्याचे एक अधिकारी स्टुडिओत आले. थंडीत बेळगावात शेतीचं प्रदर्शन भरणार होतं. त्यांना फोटो हवे होते. नांगर, मोट, उसाचा घाणा हे यजमानांनी आठवडाभरात काढून दिलं. मग अधिकारी म्हणाले, "आता शेतात काम करणाऱ्या बायकांचे हवेत. खरं काम करताना."

यजमान काकतीच्या बाजूला दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा तेच झालं. तीन पायांवर उभा केलेला तो कॅमेरा आणि त्यावरचं काळं फडकं दिसलं की बायका पदर ओढून पाठ फिरवायच्या. एकीनं तर खुरपं टाकून उसात धूम ठोकली.

"सहा काचा," ते मला म्हणाले, "आणि सहाच्या सहांत पाठी."

मी हसले. ते नाही हसले. थोड्या वेळानं अंधारखोलीच्या दारात उभं राहून, हातावरचं औषध पुसत म्हणाले, "तुझ्या गावी गेलो तर?"

आत्याबाईंना आम्ही सांगितलं की मी पंचमीला माहेरी जातेय आणि हे पोचवायला येताहेत. ते खरंही होतं. फक्त कॅमेऱ्याची पेटी कशाला, ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

रेल्वेनं खानापूर, तिथून पुढं बैलगाडी. त्या वर्षी पाऊस मागं पडला होता आणि गावातली रोपलावण अजून उरकली नव्हती. लावणीच्या बायकांची म्होरकी म्हणजे माझी थोरली काकी. रात्रीच्या जेवणाला तिला सगळं समजावून सांगितलं. "तुम्ही रोजच्यासारखं काम करायचं," यजमान म्हणाले, "मी बांधावरून फोटो काढतो." काकीनं जावयाचा मान राखून "व्हय, व्हय" म्हटलं.

सकाळी आम्ही शेतावर गेलो तर बांधावर नऊ बायका ओळीनं उभ्या. एकीच्या अंगावर लग्नातलं लुगडं, दुसरीच्या अंगावर दिवाळीचं. नाकात नथी, कपाळावर मोठाली कुंकवं, केसांत फुलं. ठेवणीतली लुगडी चिखलाला लागू नयेत म्हणून सगळ्यांनी काठ हातात धरलेले. काकी मधोमध. तिच्या गळ्यात सुनेची बोरमाळसुद्धा होती.

यजमानांनी माझ्याकडं पाहिलं. मी काकीला म्हणाले, "काकी, लावणी करतानाचा फोटो हवाय गं."

"चिखलातला?"

"व्हय."

"चिखलात आमास्नी सारा गाव रोज बघतोय," काकी म्हणाली. "जल्मात एक फोटो निघणार, आन् तोबी चिखलात? त्या सायबाच्या आईचा फोटो निघतोय काय चिखलात?"

यजमानांनी हळूच टोपी मागं सारली. रागावले असतील असं मला वाटलं. आणलेल्या काचा मोजक्या होत्या, आकाश भरून आलेलं, आणि गाडीवाला संध्याकाळच्या आत परत फिरायचं म्हणत होता. पण ते म्हणाले, "काकींचं बरोबर आहे. आधी तुमच्या मनासारखा काढू. मग माझ्या मनासारखा."

त्यांनी स्टुडिओत गिऱ्हाइकाला उभं करावं तसं सगळ्यांना उभं केलं. मी पदर सारखे केले, नथी सरळ केल्या. त्या नऊ बायका फोटोसाठी अशा उभ्या राहिल्या की जणू त्यांच्यावर कुणी निशाण धरलंय. फोटो झाल्यावर काकीनं मोठा श्वास सोडला आणि विचारलं, "झालं? एवढंच?"

मग त्या गेल्या आणि रोजच्या लुगड्यांत परत आल्या. लुगडी गुडघ्यापर्यंत वर खोचली, डोक्यावर इरली घेतली आणि चिखलात उतरल्या. खरं अवघड आता पुढं होतं. त्या उजेडात यजमानांना क्षणभर तरी सगळं स्थिर हवं होतं. ते "हलू नका" म्हणाले की बायका वाकलेल्या तशाच गोठून जायच्या. काम थांबायचं आणि फोटोत लाकडी बाहुल्या दिसायच्या. नुसतं वाकून राहिलं तर कंबर मोडते, काम करताना मोडत नाही.

"वाकून हलायचं न्हाय म्हंजे कसं रं?" काकी खालून ओरडली. "वाकलं की हात चालतोयच!"

मी बांधावर उभी होते. पायांत चपला, अंगावर सासरचं चांगलं लुगडं. मला समोर दिसत होतं की काय चुकतंय. रोप चिखलात खोचताना अंगठ्यानं मूळ दाबायचं असतं. त्या दाबण्यात हात एवढासा थांबतो. बायका गाणं म्हणत लावत असल्या की गाण्याच्या ओळीच्या शेवटाला सगळ्यांचा अंगठा एकदमच दाबला जातो. तेवढ्यात ओळच्या ओळ थांबलेली असते आणि कुणी थांबलंय असं कुणालाच वाटत नाही. पण हे बांधावरून सांगून कळण्यासारखं नव्हतं.

मी चपला काढल्या. यजमानांना म्हणाले, "मी आत जाते. मी 'व्हय' म्हटलं की कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबा."

ते काळ्या फडक्यातून बाहेर आले. "अगं, लुगडं..."

तोवर मी लुगडं वर खोचलं होतं.

तीन वर्षांनी चिखल पायाला लागला. पोटऱ्यांपर्यंत गार, तळाशी ऊबदार. काकीनं काही न बोलता माझ्या डाव्या हातात रोपाची मूठ दिली आणि दोघींच्या मध्ये जागा केली. मी डावीकडून तिसरी. पहिली दोन रोपं माझी चुकली, मग अंगाला आठवलं. एकीनं गाणं उचललं, बाकीच्यांनी धरलं. आम्ही लावत लावत मागं सरकत होतो. तिसऱ्या कडव्याला मला कॅमेऱ्याचा विसर पडला. मग एकदम आठवण झाली, आणि ओळ संपताना मी मान वळवून ओरडले, "व्हय!"

फुगा दाबल्याचा आवाज काही मला आला नाही. पण बांधावरून ते ओरडले, "मिळाला!" असं ओरडताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पुढंही फार वेळा नाही.

बेळगावला परत आल्यावर त्यांनी काच धुतली आणि मला अंधारखोलीत हाक मारली. नऊ बायकांच्या आता दहा झाल्या होत्या. सगळ्या पाठी एका लयीत वाकलेल्या, सगळे हात पाण्यात. आणि तिसरीचा फक्त चेहरा वळलेला, तोंड अर्धं उघडं, कपाळावर चिखलाचा फराटा.

"हे बिघडलं," मी म्हणाले. "माझं तोंड दिसतंय."

"हे बिघडलेलं नाही," ते म्हणाले.

काच वाळल्यावर ती रिटचिंगसाठी माझ्याकडं आली. मी ती तिरक्या फळीवर लावली, पेन्सिलीला टोक काढलं. वीस-पंचवीस ठिपके दिले असते तर तो चेहरा नुसता उजेड होऊन गेला असता. प्रदर्शनाला अख्खं बेळगाव जाणार होतं. आमच्या बोळातल्या बायका जाणार होत्या. आत्याबाई जाणार होत्या. यजमान मागं उभे राहिले.

"काच तुझ्या हातात आहे," ते म्हणाले. "तुला नको असेल तर काढून टाक. मी काही म्हणणार नाही."

मी पेन्सिलीचं टोक काचेवर आणलं आणि परत उचललं. मग विचारलं, "तुम्हाला कसा वाटतो?"

"लग्न झाल्यापासनं तू माझ्याकडं कधी अशी बघितली नव्हतीस," ते म्हणाले, आणि एवढं बोलल्यावर लाजून जिना उतरून खाली गेले.

मी पेन्सिल डबीत ठेवली.

प्रदर्शन मार्गशीर्षात भरलं. मांडवात एका बाजूला बियाणं, दुसऱ्या बाजूला अवजारं आणि मधे पांढऱ्या कापडावर मोठे करून लावलेले फोटो. आत्याबाई शेजारच्या कारकुनाच्या बायकोला घेऊन निघाल्या, कारण मुलाचं काम बघायचं होतं. मी बरोबर. वाटेत एकदा वाटलं, आताच सांगून टाकावं. पण सांगायचं तर कुठून सुरू करायचं?

मांडवात आत्याबाईंनी नांगराचा फोटो पाहिला, मोटेचा पाहिला, "बैल छान आलेत" म्हणाल्या. मग आम्ही त्या फोटोपुढं आलो. खाली लिहिलं होतं, 'भाताची रोपे लावणाऱ्या स्त्रिया, खानापूर तालुका.' बाकी काही नाही.

शेजारीण पुढं वाकली. "अगंबाई," ती म्हणाली, "ही बाई तुमच्या सुनेसारखी दिसते हो."

मी खाली पाहिलं. माझ्या कानात नुसता मांडवाचा गलका. मग आत्याबाईंचा आवाज आला, आणि तो मला आधी ओळखूच आला नाही.

"सारखी कशाला? तीच हाय."

शेजारीण माझ्याकडं वळून बघायला लागली. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून 'हाय' मी पहिल्यांदा ऐकत होते. आत्याबाई फोटोपुढून हलेनात. मागून येणारी माणसं वळसा घालून पुढं जात होती. शेवटी त्यांनी हात उचलला आणि फोटोतल्या माझ्या पाठीपासून एक बोटभर अंतरावर धरला, लावला नाही.

"लई वाकलीयास गं," त्या म्हणाल्या.

घरी येईस्तोवर त्या माझ्या पुढं झपाझप चालत होत्या. मला वाटलं, आता शेजारणीच्या माघारी ऐकावं लागणार. घरात आल्यावर त्या थेट मागच्या दारी जाऊन पायरीवर बसल्या आणि मला शेजारी बसायला सांगितलं. मग आपले दोन्ही तळवे उघडून माझ्यापुढं धरले.

"काय दिसतंय?"

"काही नाही, आत्याबाई."

"व्हय. काय दिसू नये म्हणून लई घासलो हे हात." त्या थांबल्या. पुढचं सगळं त्या त्यांच्या गावच्या बोलीतच बोलल्या. "मी निपाणीकडची. तंबाखूच्या रानात वाढलो. आठ वर्साची हुतो तवापासनं फुटवे खुडाय जायाचो. तंबाखूचा चीक हाताला बसला की काळाभोर हुतोय, डांबरागत. भाकरी खाल्ली तर भाकरी कडू. बेळगावला आलो तवा नळावर पाण्याला गेलतो. माझ्या हाताचा वास आला आन् बायका घागरी घेऊन लांब सरकल्या. काय बोलल्या न्हाईत, नुसत्या सरकल्या. मग राखंनं घासलो, चिंचंनं घासलो, लिंबू लावलो. वास गेला तवर वरीस झालं. तुझा मामंजी म्हणायचा, सोड की. पर मला सुटलं न्हाय."

त्यांनी माझा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवला.

"तुला तसं कुणी सरकू नये, म्हणून सांगितलो हुतो सारं. तू मनात काय धरलीस कुणास ठावं."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांनी ते ठेवू दिलं. यजमान स्टुडिओ बंद करून खाली आले तेव्हा आम्ही तशाच बसलो होतो, आणि चूल अजून पेटायची होती.

त्यांना पाहून आत्याबाई म्हणाल्या, "भाताच्या बायांचा फोटो काढलास. तंबाखूच्या बायांचा हाय का रं तुझ्याकडं?"

"नाही, आई."

"न्हाय? मग तंबाखूचं रान काय रान न्हवं?"

पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघं सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेलो. पेटी टपावर बांधली होती. आत्याबाई खिडकीशी. काकती गेलं, संकेश्वर गेलं, तसतशा त्या जास्त बोलू लागल्या आणि निपाणी जवळ आली तशा एकदम गप्प झाल्या. मानमोडीच्या साथीत त्यांचे आईवडील आठ दिवसांच्या अंतरानं गेले होते. त्यानंतर त्या गावी पाऊल ठेवलं नव्हतं. एक मैत्रीण होती, लहानपणापासून शेजारच्या सरीत फुटवे खुडणारी. ती आहे की नाही, तेही ठाऊक नव्हतं.

ती होती. त्याच रानात होती. रानाचे मालक जैन, आत्याबाई लहान असताना मालकांचे वडील कारभार बघायचे. मालक कामाच्या बायकांशी अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत होते. आत्याबाईंनी "आप्पा" म्हणून हाक मारून आपल्या वडिलांची ओळख सांगितली. त्यांनी जरा निरखून पाहिलं, नमस्कार केला आणि म्हणाले, "रान तुमचंच हाय, आक्का. झाडं तेवढी मोडू नका."

मैत्रीण सातव्या सरीत होती. बारीक, काटक, केस सगळे पांढरे. आत्याबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "वळखलीस का?"

तिनं मान वर केली. ओळखलं ते तिथंच दिसलं. पण ती हसली नाही. पुन्हा खाली वाकली आणि पुढच्या झाडाचा फुटवा मोडला.

"आईबाप गेलं माझं," आत्याबाई म्हणाल्या. "कुणाकडं येणार हुतो?"

"आईबाप गेलं म्हणून गाव गेला व्हय?" ती झाडांमधूनच म्हणाली. "मी जित्ती हुतो की."

आत्याबाई मला म्हणाल्या, "चपला धर." मग पदर कमरेला खोचून तिच्या शेजारच्या सरीत उतरल्या. वीस वर्षांनी. यजमान पुढं व्हायला लागले, तेव्हा मी त्यांची बाही धरली.

तंबाखूची झाडं कमरेच्या वर आली होती. शेंडे आधीच खुडलेले, आता पानांच्या बेचक्यांतून निघालेले कोंब मोडायचे होते. आत्याबाई एकेका झाडाशी वाकत, दोन्ही हातांनी खुडत पुढं सरकत होत्या. सुरुवातीला मैत्रीण बरीच पुढं होती. तिनं वेग कमी केला नाही. पण अर्ध्या सरीवर मला वाटलं, तिनं तो कमी केलाय. मधे केव्हातरी ती वळून म्हणाली, "पान फाडशील. बेळगावचं हात तुझं." आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्यापरीस बरं खुडतो अजून." नंतर काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. दोन डोकी पानांवरून पुढं पुढं जात होती, कधी एक दिसायचं, कधी दोन्ही.

सरीच्या टोकाला त्या पोचल्या तेव्हा बरोबर होत्या. आत्याबाईंनी तिचे हात धरले. ती सोडवून घेत म्हणाली, "सोड, चीक लागंल." आत्याबाईंनी सोडले नाहीत. मग ती रडायला लागली, आणि रडता रडता डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून शिव्या द्यायला लागली, आणि मग दोघी हसायला लागल्या.

यजमानांनी कॅमेरा केव्हाच मांडला होता. पण हा फोटो त्यांनी काढला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "नको. तो त्यांचा आहे." दुपारी भाकरीनंतर दोघी परत सरीत उतरल्या, बाकीच्या बायकाही उतरल्या, तेव्हा त्यांनी काढला. एकीनंही पाठ फिरवली नाही, कारण आत्याबाई प्रत्येकीला दरडावून सांगत होत्या, "माझा ल्योक हाय तो, काय खाणार न्हाय तुमास्नी."

निघताना यजमानांनी मैत्रिणीला विचारलं, "मावशी, तुमचा फोटो पाठवून देऊ?"

"मला काय करायचाय फोटो?" ती म्हणाली. "हिला पाठवत जा."

त्यानंतर आत्याबाई वर्षातून दोनदा तरी निपाणीला जाऊ लागल्या. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटारी कोळशावर चालायला लागल्या, चढाला सगळ्यांना उतरून चालावं लागायचं, तरी गेल्या. माझी दोन्ही बाळंतपणं त्या मधल्या काळातली. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून द्यायच्या आणि मला तंबाखूच्या रानातल्या गोष्टी सांगायच्या, कुणाची सोयरीक कशी मोडली, कोण कुणाच्या सरीत चोरून खुडायचं. आमच्या बोळात मला आता माझ्या वडिलांविषयी कुणी विचारलं तर त्याच मधे पडून सांगायच्या, "हिचं भात लावणं बघायचं तर पावसात हिच्या गावाला जा." माझ्या काकीला त्या एकदा भेटल्यादेखील. लग्नातली लुगडी नेसून काढलेला तो फोटो काकीनं देवाजवळ लावला होता. आत्याबाईंनी तो पाहून, "सगळ्या सावकारणी दिसताय," असं म्हटलं आणि काकी त्यावर आठ दिवस खूश होती.

लढाई संपली त्या वर्षी मैत्रीण पहिल्यांदा आमच्याकडं बेळगावला आली. तिला आम्ही स्टुडिओ दाखवला. मागं लावलेल्या पडद्यावर बाग रंगवली होती, कारंजं, गुलाबाचे ताटवे. ती पडद्यापुढं जाऊन उभी राहिली, बोटानं गुलाब खरवडून पाहिला आणि यजमानांना म्हणाली, "एवढ्या झाडांस्नी पाणी कोण पाजतंय रं बाबा?" ते आजही आठवलं की मला हसू येतं.

ती आठ दिवस राहणार होती, पाचव्या दिवशीच कंटाळली. "हितं करायचं काय दिवसभर?" म्हणाली. सकाळच्या मोटारीनं जायचं ठरलं. आत्याबाई आणि मी तिला पोचवायला मोटारस्टँडवर गेलो. मी शिदोरी हातात दिली. ती आत जाऊन बसली. आत्याबाई खिडकीशी उभ्या राहून तिला काहीबाही सांगत होत्या, गुडघ्याला तेल लाव, सुनेशी भांडू नकोस. मोटारीचं इंजीन सुरू झालं. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा मोटारीकडं, आणि नेसत्या लुगड्यानिशी, हातात काही नसताना, दांडी धरून वर चढल्या.

"आत्याबाई!" मी ओरडले.

मैत्रिणीच्या शेजारी बसून, काठ सावरत, त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "चार दिसांनी येतो गं," त्या म्हणाल्या. "ल्योकाला सांग, चऱ्हाटानं बांधलं न्हवतं मला." आणि मोटार निघाली.

आल्या त्या पंधरा दिवसांनी.